पाणी नेमके कुठे मुरते आहे? ऑइल सँड्सचे सांडपाणी भूजलात कसे ओळखावे

जुलैच्या उन्हात अथाबास्का नदीच्या काठावर उभे राहिले की डांबराचा वास येतो, आपल्याकडे नवा रस्ता होताना येतो तसाच. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला, नदीने कापलेल्या काठात काळ्या, तेलकट वाळूचा म्हणजे ऑइल सँड्सचा थर उघडा पडला आहे. ऊन लागले की त्यातले बिट्युमेन (डांबरासारखे घट्ट तेल) पाघळते आणि ओघळत पाण्याकडे येते. खाणी नव्हत्या तेव्हाही ते येत होते. इथले बिट्युमेन स्प्रूस झाडाच्या डिंकात मिसळून होड्यांना लावतात, असे अलेक्झांडर मॅकेन्झी या शोधप्रवाशाने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे.

मोठ्या प्रमाणावरचे खाणकाम १९६७ साली सुरू झाले. वाळूतले बिट्युमेन गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा वापरून सुटे करतात. उरलेले पाणी, वाळू आणि चिकणमाती बांध घातलेल्या प्रचंड तलावांत साठवतात. त्यांना टेलिंग्ज तलाव म्हणतात. आज त्यांत एक अब्ज घनमीटरपेक्षा जास्त द्रव गाळ साठला आहे. काही तलाव नदीला अगदी लागून आहेत आणि त्यांचे बांध बरेचसे वाळूचेच आहेत. वाळूच्या बांधातून पाणी झिरपतेच. म्हणून भोवती चर आणि विहिरी खोदून झिरपलेले पाणी परत तलावात उपसून टाकतात.

प्रश्न आहे तो या चर-विहिरींच्या पलीकडे पाणी जाते का, हा. आणि तो सोडवणे अवघड का, हे वर आलेच: तलावातली सेंद्रिय आम्ले (माशांना विषारी असलेली नॅफ्थेनिक आम्ले) ज्या बिट्युमेनमधून येतात, त्याच बिट्युमेनमधून निसर्गतःही ती भूजलात येतात. नमुन्यात आम्ल सापडले म्हणून तलावाला दोष दिला तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होईल. उलट, ‘इथे सगळे नैसर्गिकच आहे’ म्हणून हात झटकले तर चोर मोकळाच राहील. मी गेली काही वर्षे एडमंटनच्या एका प्रयोगशाळेत हेच काम करतो. रसायनशास्त्र किंवा भूशास्त्र शिकून इकडे आलेली मराठी मुले-मुली अधूनमधून विचारतात की हे नेमके करतात कसे. त्यांच्यासाठी आणि ज्यांना अशा अहवालांचा अर्थ लावायचा असतो त्यांच्यासाठी हा लेख.

१. आधी नकाशा, मग बाटली

पहिला आठवडा कागदावर काढा. जमिनीखाली काय आहे हे कळल्याशिवाय नमुना घेण्यात अर्थ नाही. वर हिमनदीने आणून टाकलेला गाळ आणि दलदलीचे पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर). त्याखाली काही ठिकाणी क्लिअरवॉटर नावाचा सागरी शेल (चिकणमातीचा खडक). मग बिट्युमेन असलेला मॅकमरी थर. आणि सर्वांत खाली डेव्होनियन काळातले चुनखडक आणि मीठ. या प्रत्येक थरातले पाणी वेगळे असते. पीटमधले तपकिरी, ह्युमिक आम्लांनी भरलेले. शेलमधून आलेल्या पाण्यात सोडियम जास्त. खालून वर येणारे पाणी चक्क खारे. फोर्ट मॅकमरीच्या परिसरात असे खारे झरे नैसर्गिकरीत्याच वाहतात.

मग भूजलाची पातळी पाहून पाणी कुठून कुठे वाहते ते बाण काढा. तलावाकडून नदीकडे जाणाऱ्या वाटेवर जुन्या नदीपात्रांची वाळू आणि खडी आहे का ते विशेष पाहा. पाणी मुरायचे असेल तर ते तिथूनच मुरेल.

आता सर्वांत महत्त्वाचा निर्णय: तुलनेचे नमुने. संशयित नमुना एक असेल तर तुलनेचे किमान पाच गट हवेत. प्रत्यक्ष तलावाचे पाणी (एकाच तलावाचे नव्हे, कारण प्रत्येक तलावाची रचना त्याच्या वयानुसार आणि प्रक्रियेनुसार बदलते), बांधातून झिरपलेले पाणी, खाणींपासून दूर पण मॅकमरी थरातूनच येणारे भूजल, पीटमधले उथळ पाणी आणि खोलवरचे खारे पाणी. यातला तिसरा गट मिळवणे सर्वांत जिकिरीचे असते आणि नेमका तोच लोक टाळतात. बिट्युमेनचा स्पर्शच न झालेल्या स्वच्छ भूजलाशी तुलना केलीत तर बिट्युमेनला लागून आलेला प्रत्येक थेंब तुम्हाला दूषित वाटेल. असा अहवाल मी वाचायलाही घेत नाही.

२. नदीच्या तळातून पाणी काढणे

निरीक्षण विहिरी असतील तर उत्तमच. पण भूजल नदीला जिथे मिळते तिथे विहीर नसते. तिथे ड्राइव्ह पॉइंट वापरतात: टोकाला बारीक छिद्रे असलेली पोलादी नळी काठाजवळच्या उथळ पाण्यातून नदीच्या तळात हातोड्याने ठोकायची, आत पातळ नळी सोडायची आणि पेरिस्टाल्टिक पंपाने हळूहळू पाणी ओढायचे. नदीचेच पाणी खाली ओढले जात नाही ना, हे पाहण्यासाठी दोन्हींची विद्युतवाहकता मोजत राहा. आकडे वेगळे राहिले तर तुम्ही खरोखर भूजल काढता आहात.

पंपाचा वेग मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर. पीएच, वाहकता, तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजत राहायचे, सलग तीन वाचने जुळली (पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत) की मगच बाटली भरायची. घाई इथे फार महागात पडते.

बाटल्यांचे नियम साधे आहेत. सेंद्रिय आम्लांसाठी तपकिरी काचेची, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची. धातूंसाठी प्लॅस्टिकची, पाणी ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालायचे. पाण्याच्या समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहता कामा नये. सगळे बर्फात, ४ अंशांवर.

काठावर कधी कधी पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो आणि नवखा माणूस लगेच फोटो काढतो. आधी काडीने तो हलवून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोहजीवाणूंचा थर. काडीमागे फिरून पुन्हा एकत्र आला तर तेलाचा. तेलाचा असला तरी तो काठाच्या नैसर्गिक बिट्युमेनचाही असू शकतो, हे नोंदवहीत तिथल्या तिथे लिहा.

दर दहा नमुन्यांमागे एक रिकामा नमुना आणि एक जुळा नमुना घ्या. रिकामा म्हणजे अतिशुद्ध पाणी त्याच नळीतून, त्याच पंपातून, त्याच बाटलीत. एकदा माझ्या रिकाम्या नमुन्यात २५५.२३३० आणि २८३.२६४३ या वस्तुमानांवर दोन उंच शिखरे उभी राहिली. ती पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांची होती, म्हणजे साबण, हाताचे क्रीम, त्वचेचा तेलकटपणा. हातमोजे बदलताना मी बाटलीच्या तोंडाला उघडी बोटे लावली होती. त्या दिवसाचे सगळे नमुने रद्द करावे लागले आणि नदीवर पुन्हा जावे लागले.

३. स्वस्त चाचण्या आधी: क्षार

महागड्या यंत्राकडे धावण्याआधी साधे आयन मोजा: सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, शिवाय अमोनिया, बोरॉन आणि लिथियम. तलावाचे पाणी पुन्हा पुन्हा वापरले जाते, त्यामुळे त्यात क्षार साठत जातात. कॉस्टिक सोड्यामुळे आणि चिकणमातीतून सुटलेल्या सोडियममुळे क्लोराइडच्या मानाने सोडियम जास्त भरते. गाळ लवकर बसावा म्हणून जिप्सम घातलेले असेल तर सल्फेटही वाढते. उलट, खोलवरच्या मिठातून आलेल्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडचे मोल जवळजवळ सारखे असतात.

एक हिशेब करून दाखवतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. स्थानिक भूजलात क्लोराइड लिटरला २० मिलिग्रॅम, तलावात ४००, संशयित नमुन्यात ९६. क्लोराइड मातीला चिकटत नाही आणि कुजत नाही, म्हणून त्यावरून मिश्रणाचा वाटा काढता येतो: (९६ − २०) ÷ (४०० − २०) = ०.२, म्हणजे २० टक्के तलावाचे पाणी. आता हा अंदाज दुसऱ्या घटकावर ताडून पाहा. भूजलात सोडियम ३० आणि तलावात ७०० असेल तर मिश्रणात १६४ यायला हवे. मोजमाप १६० आले तर जुळले. त्या नमुन्यातले सोडियम-क्लोराइड मोलांचे गुणोत्तर सुमारे २.६ भरते, म्हणजे हे पाणी केवळ खोलवरच्या खाऱ्या झऱ्याचे नाही.

पण इथे थांबू नका. क्लिअरवॉटर शेलमधून आलेले पाणीही सोडियम-बायकार्बोनेटचेच असते आणि हा हिशेब तेही जुळवून दाखवू शकते. शितावरून भाताची परीक्षा होते, एका आयनावरून भूजलाची होत नाही.

४. पाण्याचे वय आणि त्याने सोसलेले ऊन

पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम मोजा. उघड्या तलावातून बाष्पीभवन होताना हलके रेणू आधी उडतात आणि उरलेले पाणी जड होते, म्हणून तलावाचे पाणी आलेखावर पावसाच्या रेषेपासून बाजूला सरकते. जमिनीखाली बंदिस्त राहिलेल्या पाण्यावर ऊन पडलेले नसते. हिमयुगातले जुने पाणी तर खूपच हलके असते. म्हणून बाष्पीभवनाची खूण असलेले भूजल सापडले की कान टवकारावेत. मात्र आसपास दलदली आणि लहान तळीही आहेत, त्यांचेही बाष्पीभवन होतेच.

ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी समस्थानिक, हे दुसरे साधन. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे ते पावसात मिसळले. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. नमुन्यात ट्रिटियम अजिबात नसेल तर ते पाणी खाणी सुरू होण्याआधी जमिनीत मुरलेले असण्याची शक्यता दाट, आणि त्यातली आम्ले बहुधा नैसर्गिक. एक अपवाद ध्यानात ठेवा: खाण कोरडी ठेवण्यासाठी उपसलेले जुने भूजल तलावात सोडले असेल तर तलावाचे ट्रिटियमही कमी भरते. म्हणूनच तलावाचा नमुना हाताशी हवा असे मी सुरुवातीला म्हटले.

५. मूळ संशयित: नॅफ्थेनिक आम्ले

नॅफ्थेनिक आम्ले म्हणजे एक पदार्थ नव्हे, हजारो आम्लांची खिचडी. बहुतेकांत कार्बनची एक-दोन-तीन कडी (वलये) आणि शेपटाला आम्लता देणारा कार्बोक्झिल गट. निष्कर्षणाचे पाणी गरम आणि अल्कधर्मी असल्यामुळे ती बिट्युमेनमधून सुटून पाण्यात येतात. माशांना ती विषारी आहेत. तलावांत ती लिटरला साधारण २० ते १२० मिलिग्रॅम आढळतात, तर या भागातल्या नद्यांत सहसा १ मिलिग्रॅमच्या आत.

ती वेगळी काढण्यासाठी नमुन्याचा पीएच २ वर आणतात. एवढ्या आम्लतेत त्यांचा विद्युतभार जातो आणि ती पाण्यात राहायला नाखूश होतात. मग डायक्लोरोमिथेनमध्ये ओढून घ्या, किंवा पॉलिमर भरलेल्या नळीतून पाणी सोडून त्यावर पकडा आणि मिथेनॉलने धुऊन काढा. दुसरी रीत मला बरी वाटते, कारण क्षार पाण्याबरोबर निघून जातात. सुरुवातीलाच ज्ञात मात्रेत एक खूणेचे आम्ल मिसळा. शेवटी ते किती परत मिळाले यावरून तुमची काढणी किती चोख झाली ते कळते.

एकूण मात्रा इन्फ्रारेडने मोजायची जुनी रीत अजून चालते: १७४३ आणि १७०६ या तरंगसंख्यांवरची कार्बोक्झिल शिखरे. पण ती कोणत्याही कार्बोक्झिल गटाला मोजते, पीटच्या आम्लांनाही. त्यामुळे आकडा फुगतो. चाळणीसाठी सिंक्रोनस फ्लुओरेसन्स चांगले: नमुन्यावर पाडलेला प्रकाश आणि त्यातून परत येणारा प्रकाश यांच्या तरंगलांबींत १८ नॅनोमीटर अंतर ठेवून मोजले की तलावाच्या पाण्यात २८२.५, ३२० आणि ३३३ नॅनोमीटरजवळ ठरावीक आकाराची शिखरे दिसतात. स्वस्त आणि जलद. शंभर नमुन्यांतून पुढच्या तपासणीला वीस निवडायला पुरेसे, निकाल द्यायला अपुरे.

६. अचूक वस्तुमान: ०.०३६४ चा फरक

इथे खरी उकल सुरू होते. आम्लांना ऋणभार देऊन ऑर्बिट्रॅपसारख्या उच्च विभेदनाच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) सोडतात. उच्च विभेदन का लागते, तर दोन आम्ले पाहा. एकात १५ कार्बन, २६ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. दुसऱ्यात १४ कार्बन, २२ हायड्रोजन, ३ ऑक्सिजन. साध्या यंत्रात दोन्ही २३७ वर दिसतात. अचूक यंत्रात एक २३७.१८६० वर आणि दुसरे २३७.१४९६ वर. एक कार्बन व चार हायड्रोजन यांच्या जागी एक ऑक्सिजन आला की ०.०३६४ चा फरक पडतो, आणि तेवढ्यावर संपूर्ण वर्गवारी उभी राहते.

मग प्रत्येक शिखराला त्यातल्या ऑक्सिजनच्या संख्येनुसार गटात टाका. दोन ऑक्सिजनवाली अस्सल नॅफ्थेनिक आम्ले तलावाच्या पाण्यात जोरात दिसतात. जमिनीत दीर्घकाळ मुरलेल्या आणि पीटच्या सहवासातल्या पाण्यात चार ऑक्सिजनवाल्यांचे प्रमाण तुलनेने चढते. एन्व्हायर्नमेंट कॅनडाचे रिचर्ड फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच गुणोत्तर एक खूण म्हणून वापरले आणि अथाबास्काच्या तळाखालच्या दोन भूजल नमुन्यांचे साम्य तलावाच्या पाण्याशी असल्याचे दाखवले.

हे गुणोत्तर यंत्रागणिक बदलते. आयनीकरणाची रीत, द्रावण, क्षारांचे उरलेले अंश, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या लेखातला आकडा उचलून ‘याच्या वर दूषित, याच्या खाली नैसर्गिक’ अशी रेघ मारू नका. संशयित आणि तुलनेचे नमुने एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, आलटून-पालटून चालवा.

७. शेवटची दोन साधने

अजून शंका असेल तर आम्लांचे मिथाइल एस्टर करून द्विमितीय गॅस क्रोमॅटोग्राफीत घाला. एकामागोमाग दोन वेगळ्या स्तंभांतून गेल्यावर एकाच वस्तुमानाचे समघटकही (तेच अणू, पण वेगळी मांडणी) सुटे होतात. फ्रँक यांच्या गटाने यात एक बेन्झिन कडे असलेल्या आम्लांची ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन कुटुंबे ओळखली. तलावाच्या आणि नैसर्गिक पाण्यात त्यांचे परस्पर प्रमाण वेगळे पडते. पुढे त्यांची मात्राही मोजली जाऊ लागली. माझ्या मते आज हाती असलेली ही सर्वांत भरवशाची सेंद्रिय खूण आहे, पण यंत्र महाग आणि माणूस तयार व्हायला वेळ लागतो.

दुसरे साधन कार्बनच्या समस्थानिकांचे. किरणोत्सर्गी कार्बन-१४ जीवाश्म इंधनात उरलेला नसतो, म्हणून पीटचे आम्ल आणि बिट्युमेनचे आम्ल त्यावरून सहज वेगळे होते. तलावाचे बिट्युमेन आणि काठाचे बिट्युमेन मात्र दोन्ही कोट्यवधी वर्षे जुनी; तिथे कार्बन-१४ गप्प बसतो. त्यासाठी जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ कॅनडाच्या संशोधकांनी उष्णतेने केवळ कार्बोक्झिल गट तोडून त्याच्याच कार्बन-१३ चे प्रमाण मोजण्याची रीत वापरली.

८. पुरावे एकत्र मांडताना

मी एक मोठा तक्ता करतो. उभ्या ओळीत नमुने, आडव्या ओळीत खुणा: क्षारांचे गुणोत्तर, मिश्रणाचा वाटा, बाष्पीभवन, ट्रिटियम, फ्लुओरेसन्स, ऑक्सिजन-गट, ए-बी कुटुंबे, कार्बन-१३. प्रत्येक घरात तीनच शेरे: तलावाशी जुळते, नैसर्गिकाशी जुळते, सांगता येत नाही. तिसरा शेरा द्यायला लाजू नका. किमान तीन स्वतंत्र खुणा, त्यात निदान एक अकार्बनी आणि एक सेंद्रिय, एकाच दिशेने बोट दाखवत असतील आणि नकाशावरचे बाणही तेच सांगत असतील, तरच ‘तलावाचे पाणी’ असे लिहा.

खुणांत मतभेद झाला तर त्यामागचे कारण शोधा. वरच्या उदाहरणात तलावात आम्ले ६० आणि भूजलात १ मिलिग्रॅम असतील तर २० टक्के मिश्रणात १२.८ यायला हवीत. समजा ९ आली. म्हणजे हिशेब चुकला असे नाही; काही आम्ले वाटेत मातीला चिकटली असतील, साधी रचना असलेली काही जीवाणूंनी खाल्ली असतील. क्लोराइड पुढे निघून जातो, आम्ले मागे रेंगाळतात. म्हणूनच झिरपणीची पहिली चाहूल बहुधा क्षारांत लागते, आणि दरवर्षी त्याच जागी त्याच महिन्यात नमुने घेतले तरच ती दिसते.

९. अहवाल कुणासाठी

नदी उत्तरेकडे वाहत दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या फोर्ट चिपेवायनला जाते. तिथले क्री, डेने आणि मेटी लोक याच पाण्यावर मासेमारी करतात. कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको यांच्या पर्यावरण सहकार्य आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तथ्य-अहवालात तलावांचे पाणी जवळच्या भूजलात झिरपत असल्याचा शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य पुरावा असल्याचे नोंदवले. तरीही इम्पीरियल ऑइलच्या कर्ल खाणीत मे २०२२ मध्ये रंग बदललेले पाणी जमिनीवर आलेले दिसले, आणि खालच्या अंगाच्या गावांना त्याचे गांभीर्य कळले ते नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, नियामक संस्थेचा आदेश निघाला तेव्हा. मोजमाप झाले तरी ते लोकांपर्यंत वेळेत गेले नाही तर काय होते, हे मला त्या वेळी फार लागले.

म्हणून अहवालाचे पहिले पान गावासाठी लिहा: नमुना कुठून घेतला, काय सापडले, किती खात्री आहे, पुढचा नमुना कधी. ‘मर्यादेत आहे’ एवढेच लिहून सोडू नका. कोणती मर्यादा, कुणी ठरवलेली आणि ती मासे खाणाऱ्या माणसासाठी आहे की माशासाठी, हे लिहा. नैसर्गिक असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगा, कारण पिणाऱ्याला दोन्ही माहिती लागते. कच्चे आकडे आणि रिकाम्या नमुन्यांचे निकाल सोबत जोडा. काढलेल्या अर्काचा अर्धा भाग उणे २० अंशांवर, तारीख-जागा लिहून जपून ठेवा. पाच वर्षांनी यंत्र सुधारेल आणि कुणाला तरी तोच थेंब पुन्हा तपासायचा असेल.